चपट्या तळाची होडी की व्ही तळाची? न हलणारी ती सेफ असं नसतं

घरच्यांना घेऊन गळ टाकायला जायचं म्हणून छोटी अ‍ॅल्युमिनियमची बोट बघायला लागलं की दोन प्रकार समोर येतात, एक चपट्या तळाची म्हणजे जॉन बोट आणि दुसरी व्ही तळाची, आणि फोटोत दोन्ही सारख्याच चकचकीत डब्यासारख्या दिसतात. मग माणूस काय करतो, काठावर जाऊन दोन्हीत एकेकदा उभा राहतो, चपटी अजिबात हलत नाही, व्हीवाली पाय ठेवला की डुलते, झालं, पोरं आहेत बाबा सोबत, आपल्याला न हलणारीच बरी. माझंही अगदी हेच झालं होतं.

गेल्या हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यात ओळखीच्याची 12 फुटी चपटी घेऊन आम्ही चौघं गेलो होतो. सकाळी पाणी आरशासारखं, बोट जमिनीवर ठेवल्यासारखी स्थिर. मग धाकटीच्या गळाला बऱ्यापैकी मोठी चिलापी लागली आणि ती ओरडली तसे आम्ही सगळेच तिच्या बाजूला वाकलो, तर आधी काहीच झालं नाही आणि मग एकदम काठ पाण्याला टेकला, बादलीभर पाणी आत, डब्यातल्या पोळ्या भिजल्या. मी उलट्या बाजूला अंग टाकलं म्हणून निभावलं.

हौदात परात सोडून बघा, छान तरंगते, पण एका कडेला दाबत गेलं की काठ बुडतो आणि मग सावरायला वेळच मिळत नाही. चपट्या तळाचं तसंच आहे, रुंद बूड असल्यामुळे सुरुवातीचा कल ती होऊ देत नाही, पण एका मर्यादेपुढे धरत नाही. व्हीवाली पहिल्यापासून डुलते, पण तिच्या बाजू उंच आणि वर बाहेरच्या अंगाला पसरलेल्या असतात, त्यामुळे कलली की ती बाजू पाण्याला टेकून बोटीला परत वर ढकलते. म्हणजे डुलते तीच तुम्हाला आधी सांगते, आता सरळ बसा.

आणि वारा! दुपारनंतर मोठ्या जलाशयात वारं सुटलं की लाटा उठतात, चपटीचं तोंड त्यावर थाडथाड आपटतं आणि पाणी उडून आत येतं, व्ही मात्र लाट कापत जाते. मे 2024 मध्ये उजनीतच कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, तेव्हापासून पाणी शांत दिसलं म्हणून मी गाफील राहत नाही.

चपटी वाईट आहे असं मुळीच नाही हं. दोन माणसं उचलून टेम्पोत टाकतात, वीतभर पाण्यातही जाते, गवताळ कडेला मरळ धरायची तर तिच्यासारखी दुसरी नाही. व्हीवालीला जरा खोल पाणी लागतं आणि वजनही जास्त. एकटे-दुकटे जाणार असाल तर चपटी घ्या, पोरं नेणार असाल तर व्ही, किंवा पुढे व्ही आणि मागे जवळपास सपाट अशी मधली येते ती, आम्ही तीच बघतोय.

माणसं किती बसवायची त्याला अमेरिकेत एक सोपा हिशोब वापरतात, लांबी गुणिले रुंदी फुटात आणि भागिले 15. 12 बाय 4 ची बोट तीन माणसांची, 14 बाय 5 ची चौघांची. आमची चूक तिथेच होती, तिघांच्या बोटीत चौघं.

घेण्याआधी बोट कमरेएवढ्या पाण्यात न्या, लाइफ जॅकेट घालून सगळ्यांना एकाच बाजूला बसवा आणि काठ पाण्यापासून किती वर राहतो ते बघा. सीटखाली फोम भरलाय का तेही वाकून बघा, अ‍ॅल्युमिनियम हलकं असलं तरी पाण्याच्या जवळपास पावणेतीन पट जड, फोम नसेल तर पाणी भरलेली बोट सरळ तळाला जाते.