कुकी (वेब)

कुकी : वेब सर्व्हरने ब्राउझरकडे ठेवायला दिलेला आणि त्याच संकेतस्थळाच्या पुढच्या विनंत्यांबरोबर परत येणारा छोटा मजकूर. एचटीटीपीत, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांत, प्रत्येक विनंती सुटी मानली जाते. मघाशी लॉगइन झालेला वापरकर्ता तो हाच, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. ती ओळख कुकी पटवते.

नावाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. पोटात चिठ्ठी असलेल्या ‘फॉर्च्युन कुकी’ या बिस्किटाकडे काहीजण बोट दाखवतात. हॅन्सेल व ग्रेटेलच्या जर्मन परीकथेशीही संबंध जोडला जातो. पण त्या मुलांनी वाटेवर टाकले ते पावाचे तुकडे, बिस्किटाचे नव्हेत. युनिक्स या संगणक प्रणालीच्या जगात ‘मॅजिक कुकी’ हा शब्द आधीपासून रुळलेला होता. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या हस्तपुस्तिकेतही तो आढळतो. घेणाऱ्याने अर्थ न लावता जसाच्या तसा परत करायचा मजकूर, असा त्याचा आशय. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर हाती येणारा पत्र्याचा बिल्ला याच जातीचा : त्यावरच्या आकड्याला आपल्या लेखी अर्थ नसतो, तो कळतो फक्त चपला सांभाळणाऱ्याला. कुकीचे जनक लू माँटुली यांनी स्वतः मॅजिक कुकीचाच हवाला दिला असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते. मॅजिक कुकी हे नाव त्या चिठ्ठीच्या बिस्किटावरून पडले असेल, तर पहिले मतही अगदीच निराधार ठरत नाही.

माँटुली यांनी ही कल्पना १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत असताना मांडली. अर्धवट राहिलेल्या खरेदीचा तपशील आपल्या सर्व्हरवर साठवायला लागू नये, अशी एका ग्राहक कंपनीची मागणी होती. सध्याची रूढ पद्धत जवळजवळ उलटी आहे : तपशील डेटाबेसमध्ये, कुकीत फक्त बिल्ला.

लॉगइनच्या वेळी वापरकर्त्याच्या नावावरून क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालवून साठवलेला पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून बनवलेला, उलटा न फिरवता येणारा संकेत) काढतात. दिलेल्या पासवर्डशी तो जुळला की अंदाज बांधता येणार नाही असा यादृच्छिक सेशन क्रमांक (त्या लॉगइनची खूण) तयार करून सेशनच्या टेबलात नोंदवतात आणि ‘सेट-कुकी’ या हेडरमधून (उत्तरासोबतच्या माहितीच्या ओळीतून) ब्राउझरला देतात. कुकीत थेट ‘ग्राहक=१०४’ लिहिणे धोक्याचे, कारण १०४ चे १०५ कोणीही करू शकतो. परत आलेली कुकी हाही बाहेरून आलेलाच मजकूर. तो क्वेरीच्या वाक्यात तसाच चिकटवला तर एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे बाहेरच्याने क्वेरीत आपली आज्ञा घुसवण्याला, दार उघडते. म्हणून प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरावे; त्यात क्वेरीचे वाक्य आणि बाहेरचा मजकूर वेगवेगळे पाठवतात.

हेडर पानाच्या मजकुराआधी जातात, हे पीएचपी या सर्व्हरवरच्या प्रोग्रामिंग भाषेत नवख्यांना हमखास अडवते. क्वेरीचे निकाल छापायला सुरुवात केल्यावर ‘सेटकुकी’ हे कुकी पाठवणारे फंक्शन बोलावले, किंवा फाइलीच्या आरंभी, पीएचपीच्या खुणेआधी, एखादी रिकामी ओळ राहिली, तरी ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ अशी तक्रार येते. आउटपुट बफरिंग लावले, म्हणजे छापलेला मजकूर लगेच न पाठवता साठवून ठेवला, की ती थांबते; पण आधी क्वेरी, मग कुकी, शेवटी छपाई हा क्रम बरा. शिवाय नुकतीच दिलेली कुकी त्याच विनंतीत वाचता येत नाही; ती पुढच्या विनंतीबरोबर येते.

आरएफसी ६२६५ (२०११) या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजानुसार ब्राउझरने एका कुकीसाठी किमान ४,०९६ बाइट आणि एका डोमेनसाठी (संकेतस्थळाच्या नावासाठी) किमान ५० कुकी सांभाळणे अपेक्षित आहे. ‘सिक्युअर’ हा गुणधर्म असलेली कुकी एचटीटीपीएसवरूनच जाते, ‘एचटीटीपीओन्ली’ असलेली जावास्क्रिप्टला दिसत नाही, तर ‘सेमसाइट’ परक्या स्थळावरून निघालेल्या विनंत्यांसाठी कुकी पाठवण्यावर बंधन घालतो. कुकींसाठी परवानगी मागणाऱ्या संमतीच्या पट्ट्या मुख्यतः युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशातून आणि त्यातील २००९ च्या दुरुस्तीतून आल्या.

लॉगआउटसाठी त्याच नावाची, मुदत उलटून गेलेली कुकी पुन्हा पाठवतात. पाथ (कुकी स्थळाच्या ज्या भागासाठी आहे तो) किंवा डोमेन जुळले नाही तर जुनी कुकी तशीच राहते. सेशनच्या टेबलातील नोंदही पुसावी लागते, नाहीतर आधीच कोणी नक्कल करून ठेवलेला क्रमांक चालत राहतो.