दारू सोडल्यानंतरची तिसरी रात्र

रोज दोन-तीन क्वार्टर रिचवणारा माणूस आषाढी एकादशीला गळ्यात माळ घालतो, विठोबाची शपथ घेतो आणि त्याच दिवसापासून दारूला शिवत नाही. घरात केवढा आनंद! दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरतात, दरदरून घाम येतो, घास घशाखाली उतरत नाही. तिसऱ्या रात्री तो चादरीवरच्या, कुणालाच न दिसणाऱ्या मुंग्या वेचू लागतो. कोपऱ्यात उभ्या असलेल्या कुणाशी तरी बोलतो, बायकोला ओळखत नाही. ‘बाहेरचं झालंय’ असं कुणीतरी म्हणतं, लिंबू-अंगारा येतो, तिठ्यावर उतारा ठेवला जातो. दवाखाना गाठायचे मोलाचे तास त्यात निघून जातात.

मेंदूत पेशींना शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. त्यांना चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू गाबाचं बळ वाढवते आणि ग्लुटामेटला दाबते, म्हणून पिणाऱ्याला सैल, निवांत वाटतं. पण रोज, वर्षानुवर्षं दारू येत राहिली की मेंदू तोल सावरण्यासाठी उलटा जोर लावतो. गाबाला दाद देणं कमी करतो, ग्लुटामेटची दारं वाढवतो. रस्सीखेचच ही. आता समोरच्या गड्याने दोर अचानक सोडला तर काय होईल? दारू एका दिवसात थांबते, मेंदूचा उलटा जोर मात्र तसाच राहतो. म्हणून हात कापतात, छाती धडधडते, रक्तदाब चढतो. सकाळी उठल्याउठल्या ‘उतारा’ म्हणून घोटभर घेणारा माणूस ही थरथरच थांबवत असतो. त्याला निर्लज्ज म्हणून आपण मोकळे होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत कंप सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना ते भ्रम होतात, ताप चढतो, भान हरपतं. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. पिणाऱ्या प्रत्येकाला हे होत नाही. पण ज्याला होतं त्याचा जीव जाऊ शकतो. शिवाय सोडणं-धरणं असं वारंवार झालं, तर पुढच्या खेपेचा त्रास आधीपेक्षा जास्त होण्याचा धोका असतो. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत दुकानं एकाएकी बंद झाली, तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. केरळ सरकारने तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचं ठरवलं. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला आणि उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली.

डॉक्टरांचं म्हणणं योग्यच होतं, कारण औषधं आहेत. क्लोरडायझेपॉक्साइड, लोराझेपाम यांसारखी औषधं गाबाला हात देतात. पाच-सात दिवसांत डोस पायरीपायरीने उतरवला जातो आणि मेंदूला जोर सैल करायला वेळ मिळतो. यकृत खराब असेल तर त्यातलं कोणतं द्यायचं ते बदलतं, म्हणून दुकानातून स्वतःच्या मनाने गोळ्या आणू नयेत. सोबत थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व लागतं. पिणाऱ्याच्या शरीरात ते बहुधा संपत आलेलं असतं. ‘अशक्तपणा आलाय, सलाईन लावा’ म्हणून नुसतं ग्लुकोज चढवलं, तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं. मग नजर स्थिर राहत नाही, चालताना झोक जातो, आणि उपचार लांबले तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी, निदान त्याच्याबरोबर तरी द्यावं लागतं.

एवढं झालं की शरीर सुटतं. तलफ सुटत नाही. पगाराचा दिवस, पावसाळी संध्याकाळ, चकण्याचा वास: मेंदूने या खुणा दारूशी बांधून ठेवलेल्या असतात. त्यासाठी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही औषधं आहेत, समुपदेशन आहे, दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देणाऱ्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या गटाच्या बैठका आहेत. पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे.

पण ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका. त्या पुडीत काय असतं ते घरच्यांना कळायला मार्ग नसतो. डायसल्फिराम हे खरं औषधसुद्धा आमटीत गुपचूप मिसळणं जिवावर बेतू शकतं. ते घेऊन दारू प्यायली की शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड साठतं, तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हे माहीत असलेला माणूस पिणं टाळतो. ज्याला ठाऊकच नाही तो पिणारच.

केंद्र सरकारच्या 2019 च्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे 2.9 कोटी लोक दारूवर अवलंबून आहेत, आणि अशा 38 जणांमागे जेमतेम एकाला कसली तरी मदत मिळाली होती. माळ जरूर घाला, पण घालण्याआधी डॉक्टरांना भेटा. रोज किती पिणं होतं, शेवटची कधी घेतली, पूर्वी सोडताना फिट आली होती का, या तीन गोष्टी खरेपणाने सांगा. कुणाकडे जायचं ते कळत नसेल, तर 14446 या व्यसनमुक्तीच्या मोफत हेल्पलाइनवर विचारा. फिट आली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर मात्र फोनवर विचारत बसू नका. 108 ची रुग्णवाहिका बोलवा.