टॅग कापायला कोणतं एन्झाइम घ्याल?

प्रथिन शुद्ध करणं सोपं जावं म्हणून त्याला जोडलेला जादा तुकडा म्हणजे टॅग; तो नंतर कापायची एन्झाइमं आम्ही विकतो. ऑर्डरचा फोन आला की आम्ही आधी विचारतो, "व्हेक्टर (प्रथिनाचं जनुक ज्यात बसवलं तो डीएनए) कोणता?" कारण कोणतं प्रोटिएज, म्हणजे प्रथिन कापणारं एन्झाइम, चालणार, हे बहुतेक वेळा क्लोनिंगच्या, म्हणजे जनुक व्हेक्टरमध्ये बसवण्याच्या, दिवशीच ठरलेलं असतं. पीईटी-२८ए या व्हेक्टरमध्ये प्रथिनाच्या पुढच्या टोकाच्या हिस टॅगनंतर (हिस्टिडिनांचा, निकेलला चिकटणारा टॅग) थ्रॉम्बिन या प्रोटिएजची कापायची जागा आहे; तिथे टीईव्ही हे दुसरं प्रोटिएज कितीही ओतलं तरी उपयोग नाही. त्याच व्हेक्टरचा मागच्या टोकाचा हिस टॅग वापरला असेल, तर कापायला जागाच नाही.

क्लोनिंग अजून व्हायचं असेल, तर आमचं मत टीईव्हीला. त्याला लागणारा सात अमिनो आम्लांचा क्रम तुमच्या प्रथिनात योगायोगाने सापडणं दुर्मिळच, आणि कापल्यावर पुढे एक ग्लायसिन किंवा सेरिन तेवढं उरतं. मात्र टॅग मागच्या टोकाला असेल तर तब्बल सहा आम्लं चिकटून राहतात. थ्रॉम्बिन आणि फॅक्टर टेन-ए हे आणखी एक प्रोटिएज एवढे सोवळे नाहीत. आर्जिनिननंतर भलतीकडेही तोडतात. प्रथिन नाजूक असेल, सगळं ४ अंशांवरच करायचं असेल, तर थंडीतही काम करणारं एचआरव्ही थ्री-सी प्रोटिएज घ्या. एकही जादा आम्ल नको असेल, तर सुमो नावाच्या छोट्या प्रथिनाचा टॅग आणि तो कापणारं यूएलपी-१. ते सुमोची घडीच ओळखतं, म्हणून निर्धास्त. फक्त प्रथिनाची सुरुवात प्रोलिनने असेल तर अडतं.

सगळं प्रथिन एकदम पणाला लावू नका. ५० मायक्रोग्रॅमला अर्धा मायक्रोग्रॅम एन्झाइम घालून २ तासांनी, ४ तासांनी आणि रात्रभरानंतर नमुना काढा, प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर चढवा. जीएसटी हा मोठा टॅग सुटला की बँड २६ किलोडाल्टनने खाली येतो, लगेच कळतं. हिस टॅग जेमतेम दोनेक किलोडाल्टनचा. ६० किलोडाल्टनच्या प्रथिनात तो फरक डोळ्यांना दिसत नाही. मग "तुमचं एन्झाइम मेलंय" असे फोन येतात! अशा वेळी नमुना पुन्हा निकेल कॉलममधून सोडा. कापलेलं प्रथिन खाली वाहून येतं. न कापलेलं, सुटलेला टॅग आणि हिस टॅगवालं टीईव्ही वर अडकतं. त्याआधी डायलिसिस करून इमिडाझोल (हिस टॅगला निकेलवरून सोडवणारं रसायन) काढलंच पाहिजे, नाहीतर काहीच अडकणार नाही.

आणि बफर बघा. टीईव्हीच्या नेहमीच्या बफरमध्ये ईडीटीए हे धातू पकडणारं रसायन असतं. ते तसंच कॉलमवर गेलं, तर निकेल धुऊन निघतं आणि निळसर रेझिन पांढरं पडतं. थ्रॉम्बिन वापरणार असाल, तर पीएमएसएफ हे प्रोटिएज बंद पाडणारं रसायन आधी घालू नका. काम झाल्यावर थ्रॉम्बिन थांबवायला मात्र तेच कामी येतं.

ऑर्डरसोबत व्हेक्टरचा नकाशा आणि प्रथिनाचा पूर्ण क्रम पाठवलात, तर आत कुठे धोक्याची जागा आहे का, ते आम्ही पाहून देतो.