डीएओ, सर्व्हिस, वेब: मॉड्यूलची ही विभागणी आली कुठून?

हिंजवडीत किंवा खराडीत विम्याचा, बँकिंगचा एखादा जुना जावा प्रोजेक्ट चेकआउट केला की मॉड्यूल, म्हणजे कोडचे वेगळे तुकडे, ठरलेले: कॉमन (सगळ्यांना लागणारा कोड), डीएओ (डेटाबेसशी बोलणारा), सर्व्हिस (कामाचे नियम), वेब (पानं) आणि शेवटी ईएआर (सगळ्याचं एकत्र पॅकेज). नव्याने आलेल्याला हे खूप विचार करून केलेलं डिझाइन वाटतं. बरंचसं पॅकेजिंगच्या सक्तीतून आलंय.

१९९९च्या अखेरीस जेटूईई, म्हणजे मोठ्या अ‍ॅप्लिकेशनसाठीचं जावा, आलं तेव्हा ईजेबीची (सर्व्हरवर चालणाऱ्या जावा घटकांची) पॅकेज फाइल, म्हणजे जार, वेगळी, वेबची वॉर वेगळी, दोन्ही ईएआरमध्ये, असा नियमच होता. एंटिटी बीन (टेबलातल्या ओळीचं रूप असलेला ईजेबी) रिमोट, म्हणजे एकेका गेटरला, एकेक किंमत वाचायला, नेटवर्कची फेरी. ती वाचवायला डीटीओ (नुसता डेटा एकत्र वाहून नेणारे ऑब्जेक्ट) आले, आणि ते दोन्हीकडे लागतात म्हणून कॉमन जार. २००१मध्ये ईजेबी २.०ने नेटवर्कशिवाय बोलायचा लोकल इंटरफेस दिला, पण तोवर हात बसला होता. पुढे हायबरनेट (टेबलं आणि ऑब्जेक्ट जोडणारी लायब्ररी), स्प्रिंग (ईजेबीऐवजी वापरलं जाणारं फ्रेमवर्क) आले, विभागणी तीच राहिली.

खरा वाद आहे तो थरानुसार मॉड्यूल पाडायचे की विषयानुसार, म्हणजे पॉलिसी, क्लेम, प्रीमियम असे. थरवाल्यांचं म्हणणं, वेबला डीएओची डिपेंडन्सीच दिली नाही तर कुणी कंट्रोलरमधून, म्हणजे वेबच्या विनंत्या घेणाऱ्या कोडातून, परस्पर क्वेरी मारणार नाही. पण मेव्हनमध्ये (प्रोजेक्ट बांधायच्या साधनात) कंपाइल स्कोपची, म्हणजे नेहमीची, डिपेंडन्सी ट्रान्झिटिव्ह असते, साखळीने पुढे जाते. वेबला सर्व्हिस दिलं की मागोमाग डीएओ येतंच, त्यामुळे ही भिंत आर्किटेक्चरच्या पीपीटीतच उभी असते. उलट क्लेमच्या टेबलात एक कॉलम वाढवायचा तर एंटिटी (टेबलाचं जावातलं रूप), डीटीओ, मॅपर (एकातून दुसऱ्यात डेटा उतरवणारा), कंट्रोलर असा सगळीकडे हात घालावा लागतो. शिवाय ट्रान्झॅक्शन सर्व्हिसपाशी संपतं, आणि पान रेंडर होताना लेझी, म्हणजे गरज पडल्यावरच डेटाबेसमधून येणाऱ्या, यादीला हात लावला की लेझी-इनिशियलायझेशन एक्सेप्शन. त्यावर उतारा म्हणून ओपन सेशन इन व्ह्यू: डेटाबेसशी चाललेलं सेशन पानापर्यंत उघडं, आणि यादीतल्या दर ओळीमागे एक जादा क्वेरी. स्प्रिंग बूटच्या (स्प्रिंगच्या तयार मांडणीच्या) वेब अ‍ॅपमध्ये जेपीए (टेबलं-ऑब्जेक्ट जोडायचं जावाचं मानक) असलं की ते आजही आपोआप चालू असतं; सुरू होताना लॉगमध्ये एक वॉर्निंग तेवढी येते, आणि ती वाचतो कोण!

विषयवाल्यांचीही एक अडचण आहेच. क्लेमला पॉलिसी हवी, पॉलिसीला क्लेमची यादी, आणि मेव्हनला असं चक्र चालत नाही. मग एका बाजूने फक्त आयडी ठेवावा लागतो. मला तरी ही किंमत स्वस्त वाटते.

सक्ती २००९मध्येच संपली: जावा ईई ६ने (जेटूईईचंच पुढचं नाव) ईजेबी थेट वॉरमध्ये ठेवायची मुभा दिली. २०१७मध्ये प्लॅटफॉर्म एका ओपन सोर्स संस्थेकडे सोपवला गेला, पण नावाच्या मालकीवरून बिनसलं आणि कोडमधल्या पॅकेजच्या नावात 'जावाएक्स'चं 'जकार्ता' झालं. २०२२च्या अखेरीस स्प्रिंग बूट ३ने हे नाव सक्तीचं केलं, तेव्हा जुन्या कॉमनचं ओझं दिसलं. ती जार जुन्या इम्पोर्टवर राहिली तर तिच्यातली एंटिटी ओळखलीच जात नाही, 'नॉट अ मॅनेज्ड टाइप' म्हणून अ‍ॅप्लिकेशन उठत नाही. आणि जार बदलावी तर तिच्यावर बसलेली बाकीची अ‍ॅप्लिकेशनही त्याच रिलीजमध्ये हलवावी लागतात, नाहीतर कॉमनच्या दोन आवृत्त्या सांभाळत बसायचं.