घरच्या टीव्हीवर रेकॉर्डिंग : बॉक्स निवडताना आणि वापरताना
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

खान्देशात शेतीपंपांना पाळीपाळीने दिवसा आणि रात्री वीज मिळत असल्याने रात्रीच्या पाळीला पाणी भरायला गेलेल्या माणसाचा क्रिकेटचा सामना हमखास चुकतो. हिवाळ्यात मळ्यात भरिताचा बेत असला, तर सगळ्या घराच्याच मालिका चुकतात. अशा वेळी कार्यक्रम आपोआप नोंदवून ठेवणारा बॉक्स उपयोगी पडतो, हे खरे. मात्र दुकानात येणाऱ्या बहुतेक ग्राहकांचा पहिला प्रश्न “किती जीबीचा घेऊ?” असा असतो, आणि आमच्या मते तो दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. आपल्या घरी वाहिन्या कोठून येतात, हे आधी ठरले पाहिजे; कारण रेकॉर्डिंग करणारे यंत्र त्या मार्गाशी बांधलेले असते आणि मार्ग बदलला की ते बहुधा निरुपयोगी ठरते.

वाहिन्या कोठून येतात

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अनेक टीव्हींच्या मागे यूएसबीची खाच असते आणि माहितीपुस्तिकेत रेकॉर्डिंगचा उल्लेखही असतो. त्यामुळे तिथे पेन ड्राइव्ह लावला की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात टीव्हीतील ही सोय केवळ टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरवर, म्हणजे वाहिनी पकडणाऱ्या भागावर, आलेल्या वाहिन्यांसाठी असते. सेट टॉप बॉक्समधून एचडीएमआयच्या किंवा लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने आलेले चित्र टीव्ही दाखवतो, परंतु नोंदवत नाही. बहुतेक घरांत वाहिन्या सेट टॉप बॉक्सवरूनच येत असल्याने टीव्हीतील ही सोय न वापरताच पडून राहते. म्हणून केवळ रेकॉर्डिंगसाठी महागडा टीव्ही घेण्याचा सल्ला आम्ही कोणालाही देत नाही. रेकॉर्डिंग करायचे असेल, तर ते बॉक्समध्येच झाले पाहिजे.

ज्यांच्याकडे दूरदर्शनची मोफत सेवा, म्हणजे डीडी फ्री डिश आहे, त्यांचे काम सर्वांत स्वस्तात होते. २००४ साली सुरू झालेल्या या सेवेला मासिक रिचार्ज नाही आणि तिच्यासाठी बाजारात मिळणाऱ्या अनेक बॉक्सना यूएसबीची खाच असते. खोक्यावर केवळ ‘यूएसबी’ असे छापलेले असेल, तर त्याचा अर्थ गाणी आणि फोटो लावता येतात एवढाच असू शकतो; ‘रेकॉर्डिंग’ किंवा त्याच अर्थाचा ‘पीव्हीआर’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे का, ते पाहावे आणि शक्य असल्यास दुकानातच पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग करून ते चालवून पाहावे. आमच्याकडे ही चाचणी करून दाखवल्याशिवाय असा बॉक्स दिला जात नाही. या बॉक्समध्ये सहसा एकच ट्यूनर असतो. त्यामुळे एका वाहिनीचे रेकॉर्डिंग चालू असताना दुसरी वाहिनी लावता येईलच असे नाही. दोन्ही वाहिन्या उपग्रहावरच्या एकाच फ्रिक्वेन्सीवर असतील, तरच काही बॉक्स ती मुभा देतात. घरात एकाच वेळी एकाला बातम्या आणि दुसऱ्याला मालिका हवी असते, तिथे ही अडचण पहिल्याच संध्याकाळी लक्षात येते.

मासिक पैसे भरून घेतलेल्या डीटीएच सेवेचे नियम निराळे आहेत. तिथे बाजारातील कोणताही बॉक्स चालत नाही. ज्या कंपनीची जोडणी आहे तिचाच बॉक्स लागतो. काही बॉक्समध्ये हार्ड डिस्क आतच बसवलेली असते, तर काहींना बाहेरून पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क जोडावी लागते, आणि रेकॉर्डिंगच्या सुविधेसाठी वेगळे शुल्क आहे का, हे आधी विचारून घ्यावे. आतील हार्ड डिस्कच्या बॉक्समध्ये बहुधा दोन ट्यूनर असतात, म्हणजे एक वाहिनी नोंदवत असताना दुसरी निवांत पाहता येते. मात्र त्यासाठी डिशच्या छत्रीवर जुळी एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) आणि तिथून बॉक्सपर्यंत दोन वायरी आणाव्या लागू शकतात. जुन्या वाड्यात किंवा स्लॅबमधून पाइप टाकलेल्या घरात ही दुसरी वायर ओढण्याचा खर्च कधी कधी डोईजड होतो, तेव्हा तो बॉक्स घेण्यापूर्वीच विचारात घ्यावा.

केबलच्या ग्राहकांनी आपल्या केबलचालकाकडे चौकशी करावी. त्यांच्याकडील बॉक्समध्ये रेकॉर्डिंगची सोय नसेल, तर बाहेरून काही जोडून ती आणता येत नाही.

घरात चांगले ब्रॉडबँड असेल आणि पाहायच्या मालिका कंपन्यांच्या अ‍ॅपवर दुसऱ्या दिवशी मिळत असतील, तर रेकॉर्डिंगचा बॉक्स कदाचित लागणारच नाही, हेही आम्ही मोकळेपणाने सांगतो. ज्या गावांत मोबाइलची रेंज गच्चीवर जाऊन शोधावी लागते, तिथे मात्र रेकॉर्डिंगला आजही पर्याय नाही.

किती जागा लागते

आता जीबीचा प्रश्न. हिशेब सोपा आहे : वाहिनीचा प्रवाह, म्हणजे तिच्यावरून येणारी माहिती, सेकंदाला १ मेगाबिट असेल, तर एका तासाला ४५० एमबी जागा लागते. साध्या वाहिन्यांचा प्रवाह साधारण २ ते ३ मेगाबिटचा धरला, तर तासाला सुमारे १ ते दीड जीबी होतात. एचडी वाहिनीचा ६ ते ८ मेगाबिटचा धरला, तर पावणेतीन ते साडेतीन जीबी. याचा अर्थ ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर साध्या वाहिनीचे २० तासांच्या आसपास रेकॉर्डिंग बसते, आणि एचडीवरचा पूर्ण एकदिवसीय सामना मध्यंतरासह नोंदवला, तर तो जवळजवळ सगळा भरतो. रोजच्या दोन मालिका आणि अधूनमधून एखादा चित्रपट एवढीच गरज असलेल्या घराला ६४ जीबी भरपूर होतात. ५०० जीबीची हार्ड डिस्क घेतली, म्हणजे दीडशे तासांहून अधिक एचडी नोंदवता येते. पण इतके नोंदवून ठेवलेले पुन्हा कोण पाहतो, हा प्रश्न आम्हाला पडतो.

पेन ड्राइव्ह नामांकित कंपनीचा आणि पक्क्या बिलाचा घ्यावा. आठवडी बाजारात मिळणारे, खोटी क्षमता दाखवणारे पेन ड्राइव्ह काही तास व्यवस्थित चालतात आणि नंतर आधीच्याच रेकॉर्डिंगवर लिहू लागतात. दुसरी गोष्ट, चालू कार्यक्रम थांबवून पुढे पाहण्याची ‘टाइमशिफ्ट’ ही सोय पेन ड्राइव्ह वापरणाऱ्यांनी बंद ठेवावी, कारण ती चालू असेपर्यंत बॉक्स सतत लिहीत राहतो आणि पेन ड्राइव्हचे आयुष्य झपाट्याने कमी होते.

बाहेरची हार्ड डिस्क जोडायची असल्यास लहान, म्हणजे अडीच इंची घ्यावी. तीही काही जुन्या बॉक्सवर चालत नाही, कारण यूएसबी २.० ची खाच नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअरच वीज देते आणि डिस्क फिरायला सुरुवात होताना त्याहून जास्त लागू शकते. डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल आणि बॉक्सवर तिचे नाव दिसत नसेल, तर बहुधा कारण हेच असते. अशा वेळी स्वतंत्र अ‍ॅडाप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावावा.

नवीन ड्राइव्ह जोडल्यावर बॉक्स ‘फॉरमॅट करायचे का?’ असे विचारतो. होय म्हटल्यास ड्राइव्हवरचे सर्व काही पुसले जाते. लग्नाचे फोटो असलेला पेन ड्राइव्ह या कामासाठी कधीही वापरू नये. फ्री डिशच्या अनेक बॉक्समध्ये ड्राइव्ह फॅट ३२ या पद्धतीने फॉरमॅट होतो, आणि त्या पद्धतीत एका फाइलची मर्यादा ४ जीबी असते. म्हणून लांब चित्रपट दोन-तीन तुकड्यांत साठवलेला दिसल्यास तो दोष समजू नये. काही स्वस्त बॉक्स तुकडे न करता ४ जीबीला थेट थांबतात. दुकानातील पाच मिनिटांच्या चाचणीत हे कळत नाही, म्हणून घरी नेल्यावर पहिल्याच आठवड्यात तीन तासांचा एखादा कार्यक्रम मुद्दाम नोंदवून पाहावा आणि तो अर्धवट राहिल्यास आम्हाला कळवावे.

वीज, ऊन आणि वादळ

रेकॉर्डिंग न झाल्याच्या तक्रारींमध्ये यंत्राचा दोष फारच थोड्या वेळा निघतो. घरातील वडीलधारी मंडळी झोपण्यापूर्वी भिंतीवरचे बटन बंद करतात आणि त्याबरोबर रात्रीचे रेकॉर्डिंगही जाते. टायमर लावलेला असताना टीव्ही खुशाल बंद करावा, बॉक्स मात्र रिमोटने स्टँडबायवर ठेवावा आणि त्याचे मुख्य बटन चालूच राहू द्यावे. दोघांचे प्लग एकाच बोर्डात असतील, तर बॉक्ससाठी वेगळे बटन करून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

वीज गेली की चालू रेकॉर्डिंग तुटते. वीज परत आल्यावर काही बॉक्स उरलेला भाग नोंदवतात, काही तसेच बसून राहतात. घरी इन्व्हर्टर असेल, तर बॉक्स त्याच्या लाइनवर घ्यावा. टीव्ही बंद असताना एकट्या बॉक्सचा भार एखाद्या लहान एलईडी दिव्याइतका किंवा त्याहून थोडा अधिक असतो. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ असे लिहिलेले बटन असल्यास ते त्या बाजूला ठेवावे, नाही तर वीज बदलण्याच्या क्षणी बॉक्स पुन्हा सुरू होतो आणि रेकॉर्डिंग तिथेच तुटते. रब्बीत पंप सुरू असताना गावात व्होल्टेज उतरते, म्हणून बॉक्ससाठी स्टॅबिलायझर मागितला जातो. परंतु बॉक्सच्या अ‍ॅडाप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल, तर त्याची गरज नाही. खरे नुकसान वीज परत येतानाच्या झटक्याने होते. त्यासाठी चांगला स्पाइक गार्ड पुरतो आणि तो स्टॅबिलायझरपेक्षा बराच स्वस्त पडतो.

भुसावळ-जळगावकडच्या मे महिन्याच्या उन्हाविषयी येथील माणसाला वेगळे सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना पत्र्याच्या खोलीत, काचेच्या शोकेसमध्ये, वरून विणलेला रुमाल घातलेल्या बॉक्सच्या आत किती उष्णता साठत असेल, याचा विचार करावा. अनेक हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. बॉक्स उघड्या फळीवर ठेवावा, त्याच्या वर आणि बाजूला चार बोटे जागा मोकळी सोडावी, आणि त्यावर रुमाल, फोटो किंवा दुसरा बॉक्स ठेवू नये. उन्हाळ्यात दुपारचे लांब रेकॉर्डिंग टाळता आले, तर उत्तमच.

केळीच्या बागा आडव्या करणारे मे-जूनचे वादळ छत्रीही हलवते. साठ सेंटीमीटरची छत्री एक-दोन अंशांनी जरी सरकली, तरी सिग्नल उतरतो. चित्र कसेबसे दिसत राहते, पण थोडे ढग आले की रेकॉर्डिंगमध्ये चौकोन पडतात. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. जळगावहून पाहिल्यास तो साधारण आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर येतो. त्या बाजूचा कडुलिंब छत्री बसवली तेव्हा लहान असेल. चार पावसाळ्यांनंतर त्याच्या फांद्या आड आलेल्या असतात. पावसाळ्यापूर्वी छत्रीचे नट आवळावेत, एलएनबीजवळच्या वायरीच्या टोकाला पाणी शिरू नये म्हणून टेप गुंडाळावी आणि बॉक्सच्या मेनूमधील सिग्नलची पट्टी पाहून आकडा लिहून ठेवावा, म्हणजे पुढे फरक पडला की तो ओळखता येतो. जोराच्या सरीत काही मिनिटे सिग्नल जातोच. त्याला कोणत्याही किमतीच्या बॉक्समध्ये इलाज नाही.

टायमर लावताना

पडद्यावरील कार्यक्रमपत्रिका, म्हणजे गाइड, बरोबर येत असेल तर तिच्यातून कार्यक्रम निवडून रेकॉर्डचे बटन दाबणे सर्वांत सोपे असते. फ्री डिशच्या काही वाहिन्यांवर गाइड अपुरे असते. तिथे वेळ हाताने भरावी लागते. त्यापूर्वी बॉक्सचे घड्याळ तपासावे. ते साडेपाच तास मागे दिसत असेल, तर मेनूमध्ये वेळेचा विभाग ‘अधिक ५:३०’ असा करावा, नाही तर संध्याकाळी सातच्या बातम्यांऐवजी मध्यरात्रीनंतरचे काहीतरी नोंदवले जाईल.

मध्यरात्रीनंतरच्या कार्यक्रमांत तारखेची चूक हमखास होते. आषाढी एकादशीची पंढरपूरची शासकीय महापूजा पहाटेपूर्वी, अडीचच्या सुमारास होते. दशमीच्या रात्री टायमर लावताना माणूस सवयीने त्या दिवसाचीच तारीख भरतो आणि बॉक्स ती वेळ उलटून गेली असे समजतो. रात्री बारानंतरच्या कार्यक्रमासाठी दुसऱ्या दिवसाची तारीख भरावी. सुरुवात पाच मिनिटे आधी आणि शेवट दहा मिनिटे नंतर ठेवावा. सामन्यासाठी तर तासभर जास्तीचा ठेवावा, कारण अटीतटीचे शेवटचे षटक हटकून ठरलेल्या वेळेनंतरच पडते.

डीटीएचच्या ग्राहकांनी रिचार्जची मुदत कधी संपते, हेही पाहावे. ती संपल्यावर नवीन रेकॉर्डिंग होत नाही आणि पुष्कळ बॉक्सवर पूर्वीचे रेकॉर्डिंगही उघडत नाही.

साठवलेले कार्यक्रम

सशुल्क वाहिन्यांचे रेकॉर्डिंग सांकेतिक स्वरूपात साठते आणि ते सहसा त्याच बॉक्सवर चालते. बॉक्स बदलला, की जुने कार्यक्रम गेले असे समजावे. फ्री डिशच्या बॉक्सवर नोंदवलेल्या फाइल मात्र अनेकदा संगणकावरही उघडतात. नातवंडांच्या शाळेचा कार्यक्रम एखाद्या मोफत वाहिनीवर आला, तर त्याची प्रत वेळीच काढून ठेवावी. रेकॉर्डिंग घरी पाहण्यासाठी आहे; त्याच्या प्रती विकणे किंवा गावात पडदा लावून तिकिटावर दाखवणे कायद्याने चालत नाही.

दुरुस्तीसाठी बॉक्स आणताना रिमोट आणि अ‍ॅडाप्टर बरोबर आणावेत, कारण अनेकदा बिघाड अ‍ॅडाप्टरमध्येच असतो. डीटीएच कंपनीचा बॉक्स वॉरंटीच्या मुदतीत असताना त्याचे सील आम्ही उघडत नाही. तो कंपनीच्या सेवा केंद्राकडे पाठवावा लागतो. आतील हार्ड डिस्क बदलल्यास तिच्यावरील रेकॉर्डिंग परत मिळवून देता येत नाही, याची नोंद बॉक्स जमा करण्यापूर्वी घ्यावी.