सांडपाण्याचं विरजण

गेल्या उन्हाळ्यात एका नातेवाइकांच्या दिवसकार्याला बेळगावजवळच्या मार्कंडेय नदीवर गेलो होतो. पाणी घोट्याएवढं, काठाला काळा लगदा, हवेत सडक्या अंड्याचा वास. भावकीतल्या एका आजोबांनी त्याच पाण्यात तांब्या बुडवला. मी हात धरला, तर म्हणाले, "असू दे रे, वाहत्या पाण्याला दोष नसतोय." वय आणि प्रसंग बघून मी गप्प बसलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण ते पूर्ण खोटं नाही. त्यांच्या आजोबांच्या काळी ते बरचसं खरं होतं.

नदी घाण साफ करते म्हणजे नदीतले जिवाणू ती खातात. मलमूत्र, अन्नाचे कण, साबण हे त्यांचं खाणं. खाल्लेलं पचवायला त्यांना आपल्यासारखाच प्राणवायू लागतो आणि तो ते पाण्यात विरघळलेल्या साठ्यातून घेतात. हा साठा फारच लहान असतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम आणि ३० अंशांना जेमतेम साडेसात. म्हणजे एप्रिल-मेमध्ये, जिवाणूंची भूक वाढलेली असते तेव्हाच, नदीची शिदोरी आटलेली असते.

आता हिशोब मांडू. घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरला पचायला साधारण २५० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे ३० अंशांना नदीच्या ३३ लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू एका लिटर सांडपाण्यावर खर्च होतो. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं असा आपल्याकडचा मापदंड आहे आणि त्यातलं सुमारे ८० टक्के गटारात उतरतं. धरा १०८ लिटर. एका माणसामागे रोज साडेतीन हजार लिटर नदी! २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या ४ लाख ८८ हजार होती. तेवढ्या लोकांचं सांडपाणी प्रक्रियेविना सोडलं, तर दर सेकंदाला २० हजार लिटर स्वच्छ नदी लागेल, आणि तीही तिच्यात एकही मासा जगू न देता. घोट्याएवढ्या मार्कंडेयनं हे आणायचं कुठून?

प्राणवायू संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात. ते पाण्यातल्या सल्फेटवर श्वास भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा वास तो. तोच वायू चिखलातल्या लोहाला भेटला की काळा लोहसल्फाइड बनतो. काठाचा तो लगदा म्हणजे नदीचा श्वास कोंडल्याची खूण होती. पुढे गोडचिनमल्कीला हीच मार्कंडेय कड्यावरून उडी घेते, पाण्याचा फेस होतो, हवा मिसळते. धबधबा बघायला जाणाऱ्यांनी तिथं हेही बघावं: नदी त्या जागी दम खाते.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रात काय चालतं, असं वर्गात विचारलं की मुलं हमखास सांगतात, "औषध टाकतात सर." मोठ्यांचाही तोच समज. म्हणून एकदा नववीच्या मुलांना एका वसतिगृहामागचं छोटं केंद्र दाखवायला नेलं. टाकीत तपकिरी पाणी, खालून हवेचे बुडबुडे, हवा फुंकणाऱ्या ब्लोअरचा घरघराट. केंद्र सांभाळणाऱ्या मामांनी एक लिटरचं काचेचं मोजपात्र भरून ओट्यावर ठेवलं. "हलवू नकासा, निस्तं बघत बसा." दोनेक मिनिटांत त्या तपकिरीत कापसाचे पिंजल्यासारखे पुंजके दिसू लागले. मग ते एकमेकांना धरत खाली सरकले. अर्ध्या तासानं वर नितळ पाणी आणि तळाला ३०० च्या रेघेपर्यंत मऊ गाळ. "खाली बसलंय ते जिवंत हाय की ओ," मामा म्हणाले. "तेच परत टाकीत सोडायचं."

'तेच परत सोडायचं' या साध्या वाटणाऱ्या युक्तीवर मी मनापासून फिदा आहे. सांडपाण्यात हवा फुंकली की ते सुधारतं, हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच माहीत होतं, पण वेळ फार लागायचा. मँचेस्टरमध्ये अर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी बाटलीत सांडपाणी घेऊन हवा सोडली, तेव्हा ते पूर्ण पचायला सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी वरचं नितळ पाणी ओतलं, तळाचा गाळ मात्र घाण म्हणून फेकला नाही. त्याच गाळावर नवं सांडपाणी घातलं. या खेपेला वेळ कमी लागला. पुन्हा तेच, पुन्हा तेच, आणि अखेर पाच आठवड्यांचं काम एका दिवसाच्या आत होऊ लागलं. ३ एप्रिल १९१४ रोजी त्यांनी हे जाहीर केलं. त्यांना या वाटेला लावणारे गिल्बर्ट फाउलर दोनच वर्षांनी आपल्या कर्नाटकात, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.

आपल्या घरातल्या बायकांना यात नवल वाटणार नाही. दूध नुसतं ठेवलं तर ते कधी नासेल सांगता येत नाही; कालच्या दह्याचा चमचा घातला की सकाळी दही तयार. गाळ म्हणजे विरजण.

आणि यातली खरी गंमत मुक्कामाची आहे. टाकीत पाण्याचा मुक्काम सहा-आठ तास, गाळाचा मात्र आठ-दहा दिवस. पाणी पाहुणा, जिवाणू घरचे. हे दोन मुक्काम वेगळे का करायचे? मुताऱ्यांमधून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फार सावकाश वाढतात म्हणून. पोटातला ई. कोलाय हा जिवाणू सोयीच्या जागी २० मिनिटांत दुप्पट होतो. यांना एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. पाण्याबरोबर यांनाही सहा तासांत बाहेर काढलं, तर टाकीत एकही उरणार नाही. शिवाय अमोनियातल्या एक किलो नायट्रोजनसाठी साडेचार किलोहून जास्त प्राणवायू लागतो. म्हणून ब्लोअर थांबवता येत नाही आणि केंद्राच्या विजेच्या बिलातला निम्मा वाटा तरी हवेचाच असतो. रोज थोडा गाळ काढून टाकायचा, तोही मोजून. टाकीतला एकूण गाळ भागिले रोज काढलेला गाळ म्हणजे गाळाचं वय. वय फार कमी झालं तर अमोनिया तसाच सुटतो; तंतूसारखे जिवाणू माजले तर पुंजके फुगतात आणि तळाला बसतच नाहीत. मामांना भागाकार कागदावर करावा लागत नाही, ते मोजपात्रातली रेघ बघतात. नदीजवळ हे विरजण नसतं. तिचे बरेचसे जिवाणू तिच्याबरोबर वाहत पुढे जातात.

हल्ली 'खास जिवाणूंची' बाटली विकणारे दारोदार फिरतात. एक झाकण संडासात ओता, घरचा सेप्टिक टँक कधी उपसायला लागणार नाही, असं सांगतात. पैसे घालवू नका. हवे ते जिवाणू आपल्या पोटातून आणि मातीतून रोज फुकट येतात. त्यांना मुक्काम लागतो, आणि तो बाटलीत मिळत नाही.

घरात आपण काय करतो ते थेट या विरजणापर्यंत पोचतं. पाणी चार-पाच दिवसांआड येणाऱ्या गल्लीत मी वाढलो. नळ आला की आई पिंपातलं 'शिळं' पाणी मोरीत ओतून ताजं भरायची. सगळी गल्ली हेच करायची. झाकून ठेवलेलं पाणी चार दिवसांत शिळं होत नाही. राकसकोप किंवा हिडकलच्या जलाशयातून पंपानं आणून शुद्ध केलेलं ते पाणी न वापरता गटारात जातं, आणि तासाभरात आलेला असा लोंढा केंद्राच्या निवळण टाकीतून, म्हणजे गाळ तळाला बसतो त्या टाकीतून, गाळ उचलून बाहेर नेतो. पावसाळ्यात बेळगावातून वाहणारा बळ्ळारी नाला शहापूर-वडगावच्या भातशेतात शिरतो, तेव्हा शहरानं ओतलेलं सगळं बासमतीच्या वाफ्यात येऊन बसतं.

मामांनी मुलांना आणखी एक सांगितलं. एकदा तपासणी येणार म्हणून वसतिगृहातले सगळे संडास एकाच दिवशी ॲसिड आणि ब्लीचिंग पावडरनं घासले. दुसऱ्या दिवशी टाकीवर पांढरा फेस, मोजपात्रात वरपर्यंत गढूळ, तळाला काही बसेना. "मेलं की ओ सगळं." मग शेजारच्या घरून वाटीभर विरजण मागून आणावं तसा त्यांनी दुसऱ्या केंद्रातून टँकरभर गाळ आणून टाकीत ओतला आणि ब्लोअर रात्रंदिवस चालू ठेवला. रोज सकाळी मोजपात्र भरून ते ओट्यावर ठेवायचे आणि समोर बसायचे. बाराव्या दिवशी तळाला १०० च्या रेघेपर्यंत गाळ बसला.