रिकाम्या पुंगळीची साक्ष

अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे ठाणे जिल्ह्याला दारूगोळ्याचं पितळ परकं नाही. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, एवढंच त्याचं सूत्र. सेमी-ऑटोमॅटिक रायफल, म्हणजे चाप ओढला की एक गोळी झाडून पुढचं काडतूस आपोआप भरणारी, अडकली की सगळे तिच्या सुट्या भागांकडे पाहतात. माझं म्हणणं असं की आधी ही पितळी पुंगळी, म्हणजे गोळी सुटल्यावर उरलेलं काडतुसाचं कवच, नीट बघावी. बिघाड कुठे आहे, ते बहुतेक वेळा तिच्याच अंगावर उमटलेलं असतं.

पोलीस बंदोबस्तात दिसणारी एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल, घ्या. चाप ओढला की ७.६२ मिमीच्या काडतुसातला दाब क्षणभर हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींवर जातो. पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या कप्प्याच्या, भिंतीला घट्ट बसतं, म्हणून तापलेले वायू मागे, नेमबाजाच्या तोंडावर येत नाहीत. गोळी नळीबाहेर पडली की दाब कोसळतो, पितळ किंचित आकसतं आणि पुंगळी सुटी होते. दरम्यान नळीतून वळवलेल्या थोड्या वायूने पिस्टन मागे ढकललेला असतो आणि बोल्टचं, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाचं, कुलूप उघडतं. बोल्टवरचा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, पुंगळीची कड धरून तिला ओढतो. इजेक्टर तिला मागून ठोकर देऊन रायफलच्या बाजूच्या खिडकीबाहेर भिरकावतो. ओढणारा वेगळा, फेकणारा वेगळा. तक्रार सांगताना या दोघांची गल्लत फार होते.

यात सगळं वेळेवर अवलंबून आहे. कुकरची वाफ उतरण्याआधी झाकण ओढण्यासारखंच हे: दाब असतानाच बोल्ट उघडला तर पुंगळी भिंतीला धरून असते आणि आकडा तिची कड ओरबाडतो, कधी फाडतो. अशी फाटलेली कड दिसली तर नुसता एक्स्ट्रॅक्टर बदलून काही साधत नाही. पिस्टनकडे गॅस जास्त येतोय, किंवा चेंबर मळलेलं, गंजून खरखरीत झालेलं आहे. कड शाबूत आणि पुंगळी मात्र आतच, तर संशय एक्स्ट्रॅक्टरवर: झिजलेली धार, थकलेली स्प्रिंग किंवा नुसतं खाली साचलेलं काजळीचं कीट. पुंगळी निघाली पण खिडकीत उभी अडकली, तर बोल्ट पुरेसा मागे गेला नाही किंवा इजेक्टर कमजोर झालाय. एसएलआरवर गॅस कमी-जास्त करायला रेग्युलेटर दिलाय तो उगाच नाही.

व्हिएतनाममध्ये १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकी सैनिकांच्या एम-१६ रायफलींमध्ये पुंगळ्या अडकत आणि नळीच्या तोंडातून सळई घालून ठोकून काढाव्या लागत. काडतुसातली दारू बदलली होती, त्यामुळे बोल्टचा वेग वाढला होता. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, दमट हवेत ते गंजे, आणि सफाईचं सामानही पुरेसं दिलेलं नव्हतं. ऐन चकमकीत रायफल बंद पडून माणसं मेली. क्रोमचा मुलामा त्यानंतर आला.

दमट हवा पितळालाही सोडत नाही. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यामध्ये तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या न वापरताच तडकत. घोड्यांच्या मलमूत्रातला अमोनिया, ओल आणि पितळ घडवताना त्यात राहून गेलेला ताण, अशी तिघांची ती करणी होती. १९२१ मध्ये तिचा उलगडा झाला. पितळ हलकं तापवून ताण काढला की तडा टळतो. तडकलेली पुंगळी चेंबरमध्ये हमखास अडचण करते, म्हणून खाडीकाठच्या आपल्या हवेत जून ते सप्टेंबर काडतुसं आणि चेंबर दोन्ही कोरडी राखायला हवीत.

सुटे भाग बदलण्याचं काम आर्मररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढून, चेंबर डोळ्यांनी रिकामं पाहूनच त्यानेही हात लावायचा. सरावानंतर पुंगळ्या मोजून जमा होतात, त्याआधी त्याने त्या पाहून घ्याव्यात. मग सफाई, मग स्प्रिंग, आणि एका वेळी एकच भाग. दोन एकदम बदलले तर दोष कशात होता ते कळतच नाही. नवी स्प्रिंग बसवल्यावर पुंगळ्या कुठे पडतात ते बघावं. एकाच दिशेला, साधारण सारख्या अंतरावर पडू लागल्या तर काम झालं. तशाच पायाशी गळत राहिल्या तर मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या तिच्या वरच्या कडा, आणि नळीतून वायू वळवणारं गॅसचं भोक तपासायला घ्यावं.